मित्राची पोस्ट निघाली की आपल्या पोटात का दुखतं? रोजच्या जगण्यावरची कॉमिक्स याचं उत्तर देतात

कॉमिक म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो कुणीतरी उडणारा, भिंती फोडणारा, जग वाचवणारा हीरो. पण कॉमिक्सचा एक मोठा प्रकार असा आहे की ज्यात यातलं काहीच घडत नाही. चार मित्र असतात, त्यांचा एक कट्टा असतो. कुणाची नोकरी लागते, कुणाचं लग्न ठरतं, कुणाचे पैसे थकतात. गोष्ट पुढं सरकते ती कुणीतरी लागेल असं बोलल्यामुळं, नाहीतर बोलायचं ते न बोलल्यामुळं.

या प्रकाराला ‘स्लाइस ऑफ लाइफ’ म्हणतात. म्हणजे जगण्यातून कापून घेतलेला एक तुकडा. ही कल्पना मूळची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या फ्रेंच नाटकांमधली. पुढं ती कादंबरीत, सिनेमात आणि कॉमिक्समध्ये आली.

आता प्रश्न असा की, ज्यात काहीच घडत नाही ते लोक वर्षानुवर्षं का वाचतात? आणि अशा कॉमिक्समधले मित्र सारखे एकमेकांवर का रुसतात?

त्याचं उत्तर कॉमिकपुरतं नाही. तुमच्या-आमच्या कट्ट्यावर जे होतं, त्याचंही तेच उत्तर आहे.

चिंटूपासून सुरुवात करू

मराठी माणसाला हा प्रकार नवा नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये सुरू झाला आणि पुढं दोन पिढ्यांनी पेपर हातात घेतला की आधी चिंटू वाचला. चिंटूत काय असायचं? शाळा, क्रिकेट, आई-बाबा, शेजारच्या जोशी काकू. पप्पू हा जिगरी दोस्त, मिनीबरोबर सततची कुरबुर आणि राजूबरोबर खुन्नस. बस्स.

त्याच्या कितीतरी आधी, १९५० साली अमेरिकेत चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही चित्रपट्टी सुरू झाली. तिचा नायक चार्ली ब्राउन हा एक घाबरट, सतत स्वतःवर शंका घेणारा पोरगा. आपण कुणाला आवडतो का, हीच त्याची कायमची काळजी. शुल्झ यांनी जवळजवळ ५० वर्षं हा एकच पोरगा काढला आणि तो जगभर वाचला गेला.

मग इंटरनेट आलं. पेपरमधल्या तीन-चार चौकटींच्या जागी वेबकॉमिक्स आली. त्यातलं खूप काळ चाललेलं एक म्हणजे जेफ जॅक्स यांचं ‘क्वेश्चनेबल कंटेंट’, २००३ साली सुरू झालेलं. सुरुवातीला त्यात मार्टेन, फे आणि डोरा असे तिघं आहेत. डोराचं कॉफीचं दुकान, फे तिथं कामाला आणि डोराची मैत्रीणही. मार्टेनला आधी फे आवडायची, पुढं त्याचं जमलं डोराशी. डोराच्या मनातून मात्र एक गोष्ट जात नाही. ‘मी याची दुसरी पसंती तर नाही ना?’ ही शंका ती शेकडो भाग मनात बाळगते आणि शेवटी त्यांचं नातं तुटतं. यात खलनायक कोण? कुणीच नाही. तिघंही चांगली माणसं आहेत.

या प्रकाराची गंमत इथंच आहे. बाहेरचा शत्रू नसतो, त्यामुळं लढाई आतल्या आत चालते. त्या लढाईला आपण ‘इनसिक्युरिटी’ म्हणतो. साध्या मराठीत, आपली जागा जाईल याची भीती.

समजा, हे कॉमिक कोल्हापुरात घडतंय

नीट समजण्यासाठी एक कॉमिक आपणच रचू. पात्रं काल्पनिक, जागा खऱ्या.

रंकाळ्याच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी चौघं बसतात. ओंकार आणि संग्राम तीन वर्षं एकाच अभ्यासिकेत, एकाच टेबलावर, एकाच नोट्सवर एमपीएससी करतायत. अस्लम शिवाजी उद्यमनगरात लेथ चालवतो. शिवानी शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला आहे, आणि अस्सल कोल्हापूरची असल्यामुळं ‘येतो मी’ म्हणूनच निरोप घेते.

भाग पहिला. पीएसआयची फायनल यादी लागते. ओंकारचं नाव आहे, संग्रामचं नाही. ग्रुपवर अस्लमचा मेसेज पडतो, ‘सायेब!!!’ संग्राम टाइप करतो, ‘अभिनंदन भावा, पार्टी पाहिजे.’ शेवटच्या चौकटीत तो फोन टेबलावर पालथा ठेवतो.

भाग दुसरा. चौकात फ्लेक्स लागतो. ओंकारचा हाताची घडी घातलेला मोठा फोटो. खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून पासपोर्ट साइज फोटोंची रांग. त्या रांगेत तिसरा संग्राम. सिग्नलला थांबलेला संग्राम स्वतःच्याच फोटोकडं बघतोय. चौकटीत एकही शब्द नाही.

भाग तिसरा. कट्ट्यावर ओंकार नाशिकच्या ट्रेनिंगबद्दल सांगतोय. संग्राम येतो. ओंकार गप्प होतो.
‘काय रं, मी आलो की बंद का?’
‘काय नाही रं, असंच.’

भाग चौथा. रविवारी संग्राम अभ्यासिकेत बसून इन्स्टा उघडतो. तिघं पन्हाळ्यावर, समोर झुणका-भाकरी. त्याला कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या चौकटीत गाडीत बसलेली शिवानी म्हणते, ‘संग्रामला विचारायचं का?’ ओंकार म्हणतो, ‘तीनदा नाही म्हणला. परत विचारलं तर त्याला वाटंल, मुद्दाम करतोय.’

भाग पाचवा. भेळीचे ६० रुपये. ओंकार म्हणतो, ‘राहू दे, मी देतो.’ संग्रामचा आवाज चढतो, ‘का? सायेब झालास म्हणून? आमच्याकडं काय भेळीचं पण पैसे नाहीत व्हय?’

आणि भांडण पेटतं. ६० रुपयांवरून.

एकच बातमी, दोन मित्र, दोन प्रतिक्रिया

आता जरा थांबू. अस्लम पण मित्रच, संग्राम पण मित्रच. ओंकारच्या निवडीनं अस्लमची छाती फुगते. उद्यमनगरात तो येईल त्याला सांगतो, ‘आमचा दोस्त पीएसआय झाला.’ संग्रामच्या मात्र आत काहीतरी तुटतं. मग अस्लमचं मन मोठं आणि संग्रामचं खोटं, असं म्हणायचं का?

नाही. मानसशास्त्रात याचं एक चांगलं स्पष्टीकरण आहे.

१९५४ साली लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं मांडलं की आपण कुठं आहोत हे कळायला मोजपट्टी नसली की माणूस स्वतःला दुसऱ्याशी लावून बघतो. आणि तो दुसरा म्हणजे कुणीही नव्हे, आपल्यासारखाच असणारा. संग्राम स्वतःची तुलना पोलीस महासंचालकांशी करत नाही. तो शेजारच्या खुर्चीवरच्या ओंकारशी करतो.

पुढं अब्राहम टेसर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ही गोष्ट मैत्रीला लावून बघितली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. जवळच्या माणसाला यश मिळालं की दोन गोष्टी होऊ शकतात. एक, त्याच्या यशाचा उजेड आपल्यावर पडतो आणि आपल्याला मोठं वाटतं. दोन, त्याच्या शेजारी आपण लहान दिसायला लागतो.

यातलं काय होणार हे कशावर ठरतं? ते यश कुठल्या क्षेत्रातलं आहे यावर. ज्या गोष्टीवर आपण स्वतःची किंमत ठरवत नाही, त्यात मित्र पुढं गेला तर आपण फुशारकी मारतो. ज्या गोष्टीवर आपलं सगळं उभं आहे, तिच्यातच मित्र पुढं गेला तर लागतं. आणि मित्र जितका जवळचा, तितकं जास्त लागतं.

अस्लमला पीएसआय व्हायचंच नव्हतं, म्हणून त्याच्यावर उजेड पडला. संग्रामची तीन वर्षं त्याच एका यादीसाठी गेली होती, म्हणून त्याच्यावर सावली पडली. उद्या उद्यमनगरातल्याच एखाद्या मित्रानं स्वतःचं मशीन घेतलं की अस्लमच्या पोटात दुखेल, आणि संग्राम मनापासून पेढे वाटेल.

म्हणून ‘खरा मित्र असता तर जळला नसता’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ते अर्धवट आहे. मैत्री खरी आणि जवळची आहे, म्हणूनही लागतं. त्याच यादीत कितीतरी अनोळखी नावं असतात, त्यांचा संग्रामला काही त्रास नाही.

मित्राला अवघड कोडं कोण घालतं?

टेसर आणि जोनाथन स्मिथ यांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कॉलेजची पोरं होती आणि सोबत त्यांचे मित्र. खेळ होता शब्द ओळखण्याचा. आधी पोरांनी स्वतः शब्द ओळखायचे, मग दुसऱ्यांना खुणेचे शब्द देऊन ओळखायला लावायचे. खुणा काही सोप्या, काही अवघड. कुणाला कसल्या द्यायच्या ते त्यांनीच ठरवायचं.

आधीच्या फेरीत त्यांना सांगितलं गेलं की तुमचं काही फारसं बरं झालेलं नाही. मग काहींना म्हटलं, हा नुसता खेळ आहे. काहींना म्हटलं, यावरून माणसाची महत्त्वाची कुवत कळते.

‘नुसता खेळ’ म्हटलं तेव्हा पोरांनी अनोळखी माणसापेक्षा मित्राला सोप्या खुणा दिल्या. यात नवल नाही. पण ‘कुवत कळते’ म्हटल्यावर उलटं झालं. मित्राला अनोळखी माणसापेक्षा अवघड खुणा मिळाल्या.

ही पोरं दुष्ट नव्हती. मित्र आपल्याच मैदानात आपल्या पुढं जाऊ नये, इतकीच ती धडपड होती. अभ्यासिकेत ‘त्या विषयाच्या नोट्स माझ्याकडं नाहीत रे’ असं सांगणारा, आणि ज्याला ते सांगितलं जातं तो, या दोघांनाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

भांडण चौकटीत नसतं, दोन चौकटींच्या मध्ये असतं

आता कॉमिककडं परत येऊ. मित्रांमधली ही न बोललेली भीती दाखवायला कॉमिक इतकं सोयीचं का?

स्कॉट मॅक्लाउड या चित्रकारानं १९९३ साली कॉमिक्स कशी काम करतात हे सांगणारं एक पुस्तक काढलं, तेही कॉमिकच्याच रूपात. त्यातला त्याचा एक मुद्दा फार गाजला. दोन चौकटींच्या मध्ये जी मोकळी पट्टी असते, तिथं चित्रकार काहीच काढत नाही. तिथं काय घडलं ते वाचणारा मनातल्या मनात भरतो. कॉमिकचं निम्मं काम त्या रिकाम्या पट्टीत होतं.

आपल्या पहिल्या भागात ‘पार्टी पाहिजे’ आणि पालथा फोन या दोन चौकटी आहेत. मधे काय झालं हे आपण कुठंही लिहिलेलं नाही. पण वाचणाऱ्याला ते लगेच कळतं, कारण तो फोन कधीतरी त्यानं स्वतः पालथा ठेवलेला असतो.

कादंबरीत इथं लेखकाला ‘संग्रामला आतून वाईट वाटलं’ असं काहीतरी सांगायचा मोह होतो. सिनेमात संगीत वाजतं. कॉमिकमध्ये एक गप्प चौकट पुरते.

दुसरी सोय अशी की कॉमिक दोन्ही बाजूंच्या खोलीत नेऊन बसवतं. चौथा भाग बघा. एका चौकटीत संग्राम, ‘मला विचारलं नाही.’ पुढच्या चौकटीत ओंकार, ‘परत विचारलं तर त्याला टोचंल.’ दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि हे फक्त वाचणाऱ्याला माहीत आहे. त्या दोघांना नाही. आपण मान हलवत म्हणतो, अरे एकदा बोला की!

शिवाय ओंकारचंही बघायला हवं. आपण सगळे संग्रामच्या दुःखात अडकतो, पण भीती त्यालाही आहे. ‘पोरं म्हणतील, पोस्ट निघाली आणि हा बदलला.’ म्हणून तो ट्रेनिंगबद्दल बोलायचं टाळतो, म्हणून भेळीचे पैसे पटकन काढतो. जवळीक टिकावी म्हणून तो जे करतो, तेच समोरच्याला उपकार वाटतं. दोन घाबरलेली माणसं एकमेकांना जपायला जातात आणि एकमेकांच्या पायावर पाय देतात.

‘मला सोडून गेले’ हे इतकं का लागतं?

पन्हाळ्याची स्टोरी हा या कॉमिकमधला सगळ्यात साधा प्रसंग. कुणी कुणाला शिवी दिली नाही, फसवलं नाही. एक फोटो. तरी संग्रामला तो फ्लेक्सइतकाच लागतो.

किप्लिंग विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंटरनेटवर तिघांनी एकमेकांकडं चेंडू टाकायचा, इतकाच खेळ. ६२ देशांतल्या सुमारे दीड हजार लोकांनी त्यात भाग घेतला. मेख अशी होती की खेळणारा माणूस एकच, बाकीचे दोघं म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम. सुरुवातीला काही वेळा चेंडू मिळायचा, मग काही जणांना तो मिळणंच बंद व्हायचं. उरलेले दोघं आपापसात टाकत बसायचे.

बक्षीस नाही, ओळख नाही, चेहरा नाही. तरी वगळल्या गेलेल्या माणसांना वाईट वाटलं. आपण कुणाचे आहोत ही भावना आणि स्वतःबद्दलचं मत, दोन्ही खाली गेलं. नंतरच्या प्रयोगांत तर समोर कॉम्प्युटरच आहे हे आधी सांगूनही लोकांना लागलं.

अनोळखी प्रोग्रॅमनं चेंडू दिला नाही तर एवढं. मग तीन वर्षांच्या टेबलमित्रानं भाकरीला बोलावलं नाही तर किती, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि संग्रामच्या बाबतीत एक भर आहे. ज्याला आधीच आपली जागा डळमळीत वाटते, तो प्रत्येक गोष्टीत पुरावा शोधतो. बोलणं थांबलं, पुरावा. मेसेजला उशिरा उत्तर आलं, पुरावा. भेळीचे पैसे दिले, तर मोठाच पुरावा. वेबकॉमिकमधली डोरा शेकडो भाग हेच करते, ती मार्टेनच्या वागण्यात पुरावे शोधत राहते.

पेपरातलं भांडण सकाळी मिटायचं, मोबाइलमधलं साठत जातं

जुन्या चित्रपट्टीत आणि आजच्या वेबकॉमिकमध्ये एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या मैत्रीलाही लागू पडतो.

चिंटू मोठा होत नाही. आज राजूनं त्याला ढकललं, मिनीनं टोमणा मारला, तरी उद्या सकाळच्या पेपरात पाटी कोरी. सगळे परत मैदानात. कालचा पेपर तोवर रद्दीत गेलेला असतो. म्हणून तिथलं भांडण रबरासारखं आहे, ताणतं आणि परत जागेवर येतं.

वेबकॉमिकमध्ये तसं नाही. पहिल्या भागापासून सगळं तिथंच पडून असतं. आज आलेला नवा वाचक एका रात्रीत दहा वर्षं वाचून काढतो. त्यामुळं लेखकालाही काल काय झालं ते विसरता येत नाही. पात्रांची वयं वाढतात, नोकऱ्या सुटतात, एकदा बोललेलं वाक्य पाचशे भागांनी परत समोर येतं.

आपली मैत्री पण पेपरातून मोबाइलमध्ये आलीय. पूर्वी कट्ट्यावर बोललेलं वाऱ्यावर जायचं. आता ग्रुपवर सर्च मारला की दोन वर्षांपूर्वी कोण काय म्हणालं ते सापडतं. निळ्या टिका दिसतात, कुणी स्टोरी बघितली ते दिसतं. भांडण करताना लोक स्क्रीनशॉट काढतात. चिंटूला मिळायची ती कोरी पाटी आपल्याला मिळत नाही. ती ठरवून पुसावी लागते.

भांडण रंगवताना लेखक कुठं चुकतात?

अशी कॉमिक्स लिहिणारे बरेच जण एका ठिकाणी घसरतात. गैरसमज ताणत बसणं. एक फोन केला असता तर मिटलं असतं, पण गोष्ट चालू राहावी म्हणून पात्रं सहा महिने फोनच करत नाहीत. वाचक वैतागतो, आणि बरोबरच आहे.

गैरसमज तेव्हाच पटतो, जेव्हा न विचारण्याला कारण असतं. संग्राम ओंकारला ‘मला का नाही बोलावलं?’ असं का विचारत नाही? कारण विचारलं तर आपल्याला लागलंय हे कबूल करावं लागेल. आणि ते कबूल केलं की त्यामागचं दुसरंही कबूल करावं लागेल, की मित्राच्या यशानं आपल्याला वाईट वाटलं. या गोष्टीची त्याला इतकी लाज वाटते की त्यापेक्षा ६० रुपयांवरून भांडणं सोपं.

चांगलं कॉमिक ओळखायची ही एक सोपी खूण. त्यात भांडणाचा विषय आणि भांडणाचं कारण वेगवेगळं असतं. विषय भेळ, कारण यादी. विषय कुणाचा तरी वाढदिवस विसरला, कारण आपण आता महत्त्वाचे नाही ही भीती.

मग पुढं काय होतं?

टेसरच्या मांडणीवरून संग्रामपुढं तीन रस्ते दिसतात, आणि मैत्रीवरच्या कॉमिक्समध्ये हे तिन्ही परत परत येतात.

पहिला, अंतर वाढवायचं. कट्ट्यावर जायचं बंद, ग्रुप म्यूट. जवळीक कमी झाली की तुलना बोचत नाही. खूप मैत्र्या अशाच संपतात, कुठलंही मोठं भांडण न होता.

दुसरा, चुरस बदलायची. एक तर अभ्यास दुप्पट करून स्वतः पुढं जायचं, नाहीतर मित्राला खाली ओढायचं. नोट्स लपवायच्या, ‘त्याचं नशीब होतं’ म्हणायचं.

तिसरा, ती गोष्ट आपल्यासाठी तितकी मोठी ठेवायची नाही. हा रस्ता ऐकायला पळपुटा वाटतो. ‘आपल्याला नकोच होती वर्दी’ असं म्हणत कोल्ह्याची द्राक्षं आंबट केली तर तो पळपुटाच आहे. पण त्याचं एक चांगलं रूपही आहे, आणि त्याचं उदाहरण कोल्हापुरातच आहे.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. पाच भागीदारांत व्ही. शांताराम होते, आणि विष्णुपंत दामले व एस. फत्तेलाल ही जोडीही होती. दामलेमामा आणि साहेबमामा. दोघं आधी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत होते आणि १९२८ चा ‘महारथी कर्ण’ दोघांनी मिळून दिग्दर्शित केला होता. पुढं प्रभात १९३३ साली पुण्याला गेली, आणि १९३६ साली आलेल्या ‘संत तुकाराम’वरही दिग्दर्शक म्हणून दोघांची नावं एकत्र आहेत. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला तो सिनेमा.

एकाच क्षेत्रातले, एकाच कंपनीतले दोन मित्र, एकाच पाटीवर नाव. टेसरच्या हिशेबानं इथं ठिणग्या उडायला हव्यात. पण दोघांची मुख्य कामं बघा. दामल्यांचा हात ध्वनी आणि तंत्रात, फत्तेलालांचा कलादिग्दर्शनात. सिनेमा एक, पण त्यातले कोपरे वेगळे. एकाचं काम चांगलं झालं की दुसऱ्याचं उजळून निघायचं. त्यांच्या मनात काय होतं हे आपण सांगू शकत नाही, पण रचना अशी होती की तुलनेपेक्षा जोडीला जास्त वाव होता.

मित्रांनी एकच स्वप्न बघू नये, असा याचा अर्थ नाही. स्पर्धा परीक्षेत तर तशी सोयच नसते, यादी एकच असते. अर्थ इतकाच की आपली सगळी किंमत एकाच यादीवर टांगलेली असेल, तर त्या यादीवरचं मित्राचं नाव आपल्याला शत्रूचं वाटायला लागतं. संग्राम चौकातली फुटबॉलची टीम चालवतो का, गणित शिकवतो का, घरची शेती बघतो का? त्याच्याकडं स्वतःचा म्हणावा असा दुसरा एखादा कोपरा असला की ओंकारचा उजेड त्याला सोसतो.

आणि एक चौथा रस्ता

तो म्हणजे, जे आहे ते बोलून टाकायचं. यातली अडचण अशी की आपल्याला शिकवलेलं असतं, मित्रासाठी एक तर आनंद होतो, नाहीतर जळफळाट. दोन्ही एकदम होऊ शकतं हे कुणी सांगत नाही. त्यामुळं आत जरा टोचलं की माणूस स्वतःलाच खोटा समजतो आणि गप्प बसतो.

आपल्या कॉमिकचा सहावा भाग असा काढता येईल. रात्री उशिरा कट्ट्यावर दोघंच. अस्लम आणि शिवानी मुद्दाम लांब उभे.

‘तुझी पोस्ट निघाली तवा मला लई बरं वाटलं. आणि लई वाईट पण वाटलं. दोन्ही एकदमच.’

ओंकार बराच वेळ काही बोलत नाही. एक गप्प चौकट.

‘मला वाटलं, तू टाळतोयस मला.’

‘टाळतच होतो.’

यानं संग्रामचं नाव यादीत येत नाही. ओंकार नाशिकला जायचा तो जातोच. पुढच्या परीक्षेला संग्राम त्या टेबलावर एकटा बसतो. मैत्री पहिल्यासारखी राहीलच असंही नाही. बदललं ते एवढंच की आता भेळीचे पैसे म्हणजे नुसते भेळीचे पैसे आहेत.

रोजच्या जगण्यावरची कॉमिक्स वाचायची ती यासाठी. वाचताना आपल्याला दोन्ही खोल्या दिसतात, दोघांची भीती दिसते. खऱ्या आयुष्यात ती सोय नसते. तिथं आपण एकाच चौकटीत उभे असतो आणि समोरच्याची चौकट आपल्याला दिसत नाही. म्हणून पुढच्या वेळी एखादा जवळचा मित्र फुटकळ कारणावरून अंगावर आला, किंवा आपणच कुणाच्या तरी अंगावर गेलो, तर पैशांचा हिशेब नंतर करा. आधी बघा, अलीकडं कुठली यादी लागली होती का.